धुळीच्या रस्त्यावरील पिकअप आणि तिचा एअर फिल्टर

लासलगाव वा पिंपळगाव बसवंत येथील बाजार समितीत कांदा नेणे असो, नारायणगावच्या बाजारात टोमॅटो पोहोचविणे असो, की लातूरच्या अडतीवर सोयाबीनची पोती उतरविणे असो, पूर्वी बैलगाडीने व ट्रॅक्टरच्या ट्रॉलीने होणारे पुष्कळसे काम आता डिझेलवर चालणारी पिकअप गाडी करू लागली आहे. ही गाडी बहुधा कर्ज काढून घेतलेली असते. हप्ते फिटेपर्यंत तिचे इंजिन धडधाकट राहिले तरच त्या घरचा हिशेब जमतो. अशा गाडीला ‘अधिक ताकद देणारा’ किंवा ‘आयुष्यभर टिकणारा’ सुधारित एअर फिल्टर बसवावा काय, असा प्रश्न तालुक्याच्या गॅरेजांतून व सुट्या भागांच्या दुकानांतून वारंवार विचारला जातो. तरुण मंडळींत तर त्याविषयी विशेष उत्साह दिसतो. प्रश्न वरकरणी लहान असला, तरी त्याचे चुकीचे उत्तर इंजिनाच्या मुळावर येणारे असल्यामुळे त्याचा नीट विचार होणे अगत्याचे आहे.

सुधारित म्हणून जे फिल्टर विकले जातात ते मुख्यतः दोन प्रकारचे असतात. पहिल्या प्रकारात कारखान्याने दिलेल्या पेटीतच बसणारी, पण कागदाऐवजी तेल लावलेल्या सुती जाळीची घडी असते. ती धुऊन, वाळवून, पुन्हा तेल लावून वापरता येते. दुसऱ्या प्रकारात मूळची पेटीच काढून टाकतात आणि तिच्या जागी शंकूच्या आकाराचा उघडा फिल्टर इंजिनाच्या खोलीत नळीला जोडतात. दोहोंची जाहिरात एकाच शब्दांत होते. हवा मोकळी येईल, ताकद वाढेल, ॲव्हरेज सुधारेल. शेतमाल वाहणाऱ्या गाडीच्या बाबतीत ही तिन्ही वचने तपासून पाहण्याजोगी आहेत.

प्रथम इंजिनाला हवा किती लागते ते पाहावे. अडीच लिटरचे चार-ठोके डिझेल इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपली सर्व सिलिंडरे हवेने भरते. मिनिटाला २,००० फेऱ्या धरल्या, तर मिनिटास सुमारे २,५०० लिटर आणि तासास सुमारे दीड लाख लिटर हवा आत जाते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद व दहा फूट उंच अशा पाच खोल्यांत मावेल एवढी ही हवा झाली. टर्बो असलेल्या इंजिनात तर ती याहूनही अधिक असते. दुसऱ्या रीतीने पाहिले तर एक लिटर डिझेल पुरते जळण्यास निदान दहा हजार लिटर हवा लागते. टाकीत ओतावयाचे डिझेल शेतकरी फडक्यातून गाळून घेईल, परंतु त्याच्या दहा हजार पट आकारमानाची हवा इंजिनात जाते हे त्याच्या ध्यानी नसते. पाणंदीवरून, मुरुमाच्या रस्त्यावरून, पुढच्या गाडीने उडविलेल्या धुळीच्या लोटातून गाडी जात असता ही सारी हवा धुळीने भरलेली असते. इंजिन आणि ती धूळ यांच्यामध्ये एअर फिल्टरखेरीज दुसरे काहीही नसते.

ही धूळ करते काय, हे समजण्यासाठी गारगोटी आठवावी. गारगोटी पोलादी चाकूवर ओरखडा पाडते, चाकू मात्र गारगोटीवर ओरखडा पाडू शकत नाही. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर गारगोटीचा क्रमांक ७ आहे, आणि फेल्डस्पार या खनिजाचा, जे दख्खनच्या काळ्या कातळात भरपूर असते, ६ आहे. काळ्या रानाची धूळ हाताला मऊ लागते म्हणून ती निरुपद्रवी असावी, असा समज पुष्कळांचा असतो. तो बरोबर नाही. त्या मऊ मातीतही कातळाचे असे कठीण कण मिसळलेले असतातच. वाळू, खडी वा विटा यांची वाहतूक मधूनमधून करणाऱ्या गाडीच्या वाट्याला तर याहून कठीण धूळ येते.

डोळ्यांना दिसणारा जाड कण इंजिनापर्यंत क्वचितच पोहोचतो. खरे नुकसान करतात ते मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्श्याच्या आसपासचे बारीक कण. पिस्टनच्या रिंगा व सिलिंडरची भिंत यांमध्ये तेलाचा जो पातळ थर असतो, त्याची जाडी जवळपास याच मापाची असते. तेवढाच कण त्या थरात शिरला म्हणजे दोन्ही बाजूंना घासत राहतो. तेल आणि बारीक धूळ यांचे मिश्रण म्हणजे व्हॉल्व्ह घासून बसविण्यासाठी मिस्त्री जी पेस्ट वापरतात तिचाच प्रकार होय. अशी पेस्ट रिंगांमध्ये शिरली म्हणजे प्रथम इंजिन तेल खाऊ लागते. मग ब्रीदरच्या नळीतून धूर फुंकल्यासारखा बाहेर येतो, सकाळी गाडी सुरू होण्यास वेळ लागतो, चढावर दम कमी पडतो. टर्बोचे पाते मिनिटाला लाखाहून अधिक फेऱ्या फिरते. त्यावर धुळीचे कण आपटत राहिले म्हणजे त्याच्या कडा झिजतात. शेवटी इंजिन उतरवून बोअरिंग करण्याची वेळ येते. हे सारे हळूहळू घडत असल्यामुळे दोष कधी तेलावर, कधी डिझेलवर, तर कधी चालकावर ठेवला जातो. फिल्टरकडे मात्र कोणी पाहत नाही.

आता टक्केवारीचा हिशेब. कापडी फिल्टर विकणारे आपल्या पत्रकात धूळ अडविण्याचे प्रमाण ९७ वा ९८ टक्के असे अभिमानाने छापतात. वाचणाऱ्यालाही तो आकडा भरघोस वाटतो, कारण शाळेत ९८ गुण मिळविणारा मुलगा आणि ९९ गुण मिळविणारा मुलगा यांत फारसे अंतर नसते. फिल्टरच्या बाबतीत मात्र अडविलेल्या धुळीचा नव्हे, निसटलेल्या धुळीचा हिशेब करावयाचा असतो. एका हंगामात फिल्टरपर्यंत १०० ग्रॅम धूळ आली असे धरू. ९८ टक्के अडविणाऱ्या फिल्टरमधून २ ग्रॅम आत जाईल, ९९ टक्क्यांच्या फिल्टरमधून १ ग्रॅम, आणि चांगल्या प्रतीच्या कागदी फिल्टरमध्ये साधणाऱ्या ९९.९ टक्क्यांस केवळ दशांश ग्रॅम. म्हणजे पहिल्याच्या तुलनेने शेवटचा फिल्टर इंजिनाला वीसपट कमी धूळ खाऊ घालतो. आकडे ९८ आणि ९९.९ असे शेजारी शेजारी दिसतात, पण त्यांतील अंतर हे असे आहे.

एअर फिल्टरची चाचणी कशी घ्यावी यासाठी आयएसओ ५०११ हे आंतरराष्ट्रीय मानक ठरलेले आहे. ठराविक मापाची धूळ ठराविक वेगाच्या हवेत सोडून फिल्टर किती धूळ अडवितो, किती साठवितो आणि हवेला किती अडथळा करतो, या तीनही गोष्टी त्यात मोजल्या जातात. विकत घेताना या मानकानुसार तीनही आकडे मागावेत. केवळ हवा किती मोकळी येते एवढाच आकडा छापणारे पत्रक बाजूस ठेवावे. धूळ न अडविणाऱ्या फिल्टरमधून हवा मोकळी येते यात नवल ते काय. चाळणीची भोके मोठी केली म्हणजे दळण लवकर चाळून होते, एवढेच.

ताकदीचा भ्रम

पेट्रोल इंजिन आणि डिझेल इंजिन यांत एक मूलभूत फरक आहे, आणि तो न कळल्यामुळे पुष्कळ पैसा वाया जातो. पेट्रोल इंजिनात ॲक्सिलेटर दाबला म्हणजे हवेच्या वाटेवरील झडप उघडते व ताकद वाढते. डिझेल इंजिनात ताकद ठरते ती आत फवारलेल्या डिझेलच्या प्रमाणावर. हवा तेथे मुळातच गरजेहून अधिक घेतलेली असते. डिझेलचा फवारा कारखान्याने ठरविल्याप्रमाणेच राहिला, तर आणखी थोडी हवा आत आल्याने ताकदीत दिसण्याजोगा फरक पडत नाही. पंप किंवा संगणक बदलून डिझेल वाढविलेल्या शर्यतीच्या गाड्यांची गोष्ट निराळी. तेल लावलेल्या सुती जाळीला प्रसिद्धी मिळाली ती अमेरिकेतील मोटारसायकलींच्या व वाळवंटी शर्यतींतूनच. परंतु शर्यतीचे इंजिन शर्यत संपल्यावर खोलून पाहिले जाते व झिजलेले भाग बदलले जातात. कांद्याच्या पिकअपचे इंजिन लाखो किलोमीटर न खोलता चालावे अशी मालकाची अपेक्षा असते. एकाची गरज दुसऱ्याच्या उपयोगी पडेलच असे नव्हे.

फिल्टर खरोखरीच तुंबला असेल तर मात्र डिझेल इंजिनाची हानी होते, हेही सांगितले पाहिजे. काळा धूर येतो, इंजिन तापते, नव्या गाडीत संगणक आपण होऊन डिझेल कमी करतो आणि चढावर गाडी ओढत नाही. असा तुंबलेला जुना फिल्टर काढून त्या जागी नवा कापडी फिल्टर घातला म्हणजे गाडी एकदम हलकी झाल्यासारखी वाटते, आणि श्रेय नव्या जातीच्या फिल्टरला दिले जाते. त्या जागी नवा कागदी फिल्टर घातला असता तरी तेच झाले असते. निष्पक्ष तुलना करावयाची तर नव्याची नव्याशी करावी.

उघड्या शंकूच्या फिल्टरविषयी तर अधिक स्पष्ट बोलणे भाग आहे. कारखान्याची पेटी बाहेरची, त्यातल्या त्यात थंड हवा घेते. उघडा फिल्टर इंजिनाच्या खोलीतील तापलेली हवा ओढतो. हवा तापली की पातळ होते. ४० अंश सेल्सियसऐवजी ७० अंशांची हवा घेतली, तर तेवढ्याच आकारमानात वजनाने सुमारे ९ टक्के हवा कमी भरते. म्हणजे हवा वाढविण्यासाठी केलेल्या खर्चाने हवाच कमी झाली. शिवाय बॉनेटखाली उडणारा चिखल, पाणी व धूळ थेट त्यावर येते. पेटी असताना दबून राहणारा हवेचा आवाज आता मोठ्याने ऐकू येतो, आणि कित्येक चालक त्या आवाजालाच ताकद समजतात.

ॲव्हरेजचे वचनही असेच. अमेरिकेतील ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, इंधनाचा फवारा संगणकाने ठरणाऱ्या पेट्रोल मोटारींचे फिल्टर मुद्दाम तुंबवून पाहिले असता ॲव्हरेजमध्ये म्हणण्याजोगा फरक पडला नाही. वेग घेण्याची क्षमता मात्र कमी झाली. पेट्रोल गाडीवरील निष्कर्ष डिझेलला जसाच्या तसा लावता येत नाही हे खरे. तथापि तुंबलेल्या फिल्टरनेही जेथे ॲव्हरेज फारसे हलले नाही, तेथे चांगल्या कागदी फिल्टरऐवजी कापडी घातल्याने ते भरघोस वाढेल हे म्हणणे सहज पटण्याजोगे नाही.

तेलाच्या वाटीवरील विश्वास

कापडी फिल्टरवर ग्रामीण भागात विश्वास बसण्यास आणखी एक कारण आहे, आणि ते विक्रेत्यांच्या जाहिरातीपेक्षा जुने आहे. ट्रॅक्टर बाळगणाऱ्यास ऑइल बाथ जातीचा एअर क्लीनर परिचयाचा असतो. हवा खालच्या वाटीतील तेलावर आपटून वर वळते, जड धूळ तेलात राहते आणि उरलेली वरच्या ओल्या जाळीत अडकते. वाटी काढावी, गाळ टाकावा, डिझेलने धुवावी, खुणेपर्यंत नवे तेल भरावे, की काम झाले. विकत काही आणावे लागत नाही. साहजिकच ‘तेलाची जाळी’ म्हटले की शेतकऱ्याला ती आपल्या माहितीतलीच वस्तू वाटते.

परंतु ऑइल बाथच्या अंगी जे गुण आहेत, ते तेल लावलेल्या पातळ सुती घडीत येत नाहीत. वाटीत धूळ साठविण्यास भरपूर जागा असते, घडीत ती नसते. आणि ऑइल बाथलाही मर्यादा आहेतच. इंजिन मंद चालत असता हवेचा वेग कमी पडतो, धूळ तेलावर नीट आपटत नाही आणि बरीच निसटून जाते. चांगला कोरडा कागदी फिल्टर मंद व वेगवान अशा दोन्ही स्थितींत काम करतो, म्हणूनच आता कित्येक ट्रॅक्टरांवरही तो येऊ लागला आहे. सुती घडीला तेल किती लावावे हाही नाजूक प्रश्न असतो. कमी पडले तर धूळ सरळ पार जाते, अधिक झाले तर तेलाचे तुषार हवेबरोबर पुढे जातात. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासूनच्या पुष्कळ डिझेल गाड्यांत फिल्टरच्या पुढे हवा मोजणारा नाजूक सेन्सर असतो. त्याच्यावर तेलाचा थर बसला की मोजमाप चुकते, गाडी दम टाकते व डॅशबोर्डावरील दिवा पेटतो. तो सेन्सर बदलण्याचा खर्च आला, तर धुण्याजोग्या फिल्टरमुळे वाचलेले पैसे त्यातच जातात. हमीच्या मुदतीतील गाडीचे हवेचे मार्ग परस्पर बदलल्यास कंपनी हमी नाकारण्याचा संभव असतो, तोही लक्षात घ्यावा.

डांबरी राज्यमार्गावरच चालणाऱ्या व मालक स्वतः काळजीपूर्वक निगा राखणाऱ्या गाडीला कापडी फिल्टरने विशेष अपाय होईल असे नाही. धुळीच्या रानात रोज जाणाऱ्या गाडीला मात्र तो घालू नये, हेच मत योग्य ठरते.

मग सुधारणा कोणती करावी ?

शेतमालाच्या पिकअपला अधिक हवा देणाऱ्या फिल्टरची गरज नाही. तिला गरज आहे ती अधिक धूळ अडविणाऱ्या, अधिक धूळ साठविणाऱ्या आणि पेटीत घट्ट बसणाऱ्या फिल्टरची. या कसोटीवर पाहिले तर खरी सुधारणा पुष्कळदा स्वस्तच निघते.

पहिली गोष्ट म्हणजे अस्सल, योग्य मापाचा कागदी फिल्टर. तो काही शे रुपयांत मिळतो. हुबेहूब खोक्यात मिळणाऱ्या नकली फिल्टरमध्ये कागद पातळ असतो, घड्या कमी असतात आणि कडेचे रबर कडक असते. हातात घेऊन घड्या सरळ व सारख्या अंतरावर आहेत का, रबर बोटाने दाबल्यावर मऊपणे दबते व परत फुगते का, कागद कडेला सगळीकडे चिकटलेला आहे का, एवढे पाहिले तरी बहुतेक नकली माल ओळखू येतो. कडेच्या रबरातून केसाएवढी फट राहिली, तर कागद कितीही उत्तम असला तरी हवा त्या फटीतून जाणे पसंत करते, कारण तिला तेथे अडथळा नसतो. काही कंपन्यांचे फिल्टर कागदावर अतिसूक्ष्म तंतूंचा थर देऊन केलेले असतात. धूळ त्यांत खोल न शिरता वरच्या वर राहते. गाडीच्या मापाचा असा फिल्टर मिळाला व किंमत परवडली, तर ‘सुधारित’ हे नाव त्याला शोभेल.

दुसरी गोष्ट धुळीला फिल्टरपर्यंत येण्यापूर्वीच बाजूस काढण्याची. ट्रॅक्टरच्या बॉनेटवर वर आलेल्या नळीच्या टोकाला जे टोपीसारखे भांडे दिसते, ते याच कामाचे. हवा त्यात भोवऱ्यासारखी फिरते, जड कण कडेला फेकले जातात आणि भांड्यात साठतात. अत्यंत धुळीच्या कामावर असलेल्या पिकअपला असे भांडे इंजिनाच्या मापाचे पाहून जोडता येते. मात्र सांधे हवाबंद झाले नाहीत तर लाभाऐवजी हानी होते, आणि नव्या गाडीवर ते करण्यापूर्वी कंपनीच्या सर्व्हिस केंद्रात विचारणे शहाणपणाचे ठरते. काही मोठ्या वाहनांत मुख्य फिल्टरच्या आत दुसरा लहान सुरक्षा फिल्टर असतो. मुख्य फिल्टर काढताना पडणारी धूळ तो अडवितो. गाडीच्या पेटीत त्याची सोय असूनही तो कोणी काढून टाकला असेल, तर तो प्रथम परत बसवावा.

तिसरी गोष्ट म्हणजे तुंबण्याची खूण दाखविणारा लहान दर्शक. फिल्टरने हवेला केलेला अडथळा तो मोजतो, आणि मर्यादा ओलांडली की लाल पट्टी दाखवितो. मोठ्या डिझेल इंजिनांसाठी ही मर्यादा बहुधा २५ इंच पाण्याच्या स्तंभाएवढी, म्हणजे सुमारे ६३५ मिलिमीटर धरतात. लहान गाडीची मर्यादा तिच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावी. हा दर्शक हजारो रुपयांच्या कापडी फिल्टरहून कितीतरी उपयुक्त आहे, कारण तो मालकाला एक महत्त्वाची गोष्ट शिकवितो. फिल्टर मळका दिसतो म्हणून बदलावयाचा नसतो.

हे अनेकांना उलटे वाटेल. नवा कोरा फिल्टर सर्वांत चांगला, आणि मळला की वाईट, असेच सर्वसाधारण मत असते. वस्तुतः कागदावर धुळीचा पहिला पातळ थर बसल्यावर तो थरच बारीक धूळ अडविण्यास मदत करतो, आणि फिल्टर पहिल्या दिवसापेक्षा काही दिवसांनी अधिक चांगले काम करतो. रोज संध्याकाळी फिल्टर काढून टायरवर आपटणारा चालक मेहनती असतो यात शंका नाही. परंतु तो रोज तो थर झाडतो, घड्या वाकवितो, रबर झिजवितो आणि पेटी उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूस पाडतो. हवा मारण्याचा प्रकारही असाच. पंक्चरच्या दुकानातील काँप्रेसरमध्ये १०० पौंडांहून अधिक दाब असतो. त्याची नळी कागदाला टेकवली की डोळ्यांना न दिसणारी छिद्रे पडतात. हवा मारावयाचीच तर ३० पौंडांच्या आतील दाबाने, आतून बाहेर, नळी दूर धरून मारावी. कागदी फिल्टर पाण्याने किंवा डिझेलने धुऊ नये. साफ केलेला फिल्टर अंधाऱ्या खोलीत नेऊन आत दिवा धरावा. कोठेही टाचणीएवढा उजेड थेट दिसला तर तो टाकून द्यावा. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी शेतकरी मेळाव्यात एवढे एकच प्रात्यक्षिक करून दाखविले, तरी ते लांबलचक व्याख्यानाहून अधिक काम करील.

येथे वाहन कंपन्यांच्या वेळापत्रकाविषयीही एक तक्रार नोंदविणे योग्य होईल. सर्व्हिसच्या पुस्तिकेत फिल्टर बदलण्याची मुदत किलोमीटरमध्ये ठळक अक्षरांत दिलेली असते, आणि धुळीच्या भागात ती कमी करावी हे वाक्य बारीक अक्षरांत कोठेतरी असते. पुण्याहून मुंबईला डांबरी रस्त्याने जाणाऱ्या गाडीचे दहा हजार किलोमीटर आणि चैत्र-वैशाखात रानातून कांदा काढणाऱ्या गाडीचे दहा हजार किलोमीटर सारखे नसतात. रब्बी कांद्याच्या आणि ऊसतोडणीच्या हंगामात मुदत निम्म्याहूनही कमी धरावी लागेल. हे सांगण्याची जबाबदारी विक्रेत्याने गाडी देतानाच घेतली पाहिजे. मालकाने ते शोधून काढावे अशी अपेक्षा ठेवणे न्याय्य नाही.

कित्येक पेट्यांच्या तळाशी साठलेली धूळ व पाणी बाहेर टाकणारी लहान रबरी झडप असते. ती चिखलाने बंद झालेली किंवा तुटून पडलेली आढळते. आठवड्यातून दोनदा बोटांनी दाबून ती मोकळी करावी, आणि तुटली असेल तर तीच नवी घालावी, चिंधी कोंबू नये. पेटीपासून टर्बोपर्यंतच्या रबरी नळीच्या क्लिपा सैल नसाव्यात, कारण फिल्टरच्या पुढच्या बाजूस असलेल्या फटीतून आलेली धूळ गाळलीच जात नाही. धुळीच्या रस्त्यावर पुढच्या गाडीच्या अगदी मागे चालविण्याची सवयही सोडावी. लोट खाली बसण्याइतके अंतर ठेवले, तर फिल्टरवरील निम्मा बोजा कमी झाल्यासारखे होते, आणि त्याला पैसा लागत नाही.

पावसाळ्यात प्रश्नाचे स्वरूप बदलते. भिजलेला कागद हवा नीट जाऊ देत नाही व फाटतो, म्हणून पेटीत पाणी गेल्याचा संशय आल्यास फिल्टर काढून पाहावा व ओला असल्यास बदलावा. नाल्यावरील फरशीवरून पाणी वाहत असता हवा घेणारे तोंड बुडेल एवढ्या पाण्यात गाडी घालू नये. पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये शिरले तर पिस्टनची दांडी वाकते. येथे कोणत्याही जातीचा फिल्टर उपयोगी पडत नाही. बुडालेली गाडी बंद पडली असेल तर पुन्हा किल्ली फिरवू नये, ओढून बाहेर काढावी.

जुनी पिकअप विकत घेणाऱ्यांनीही या भागाकडे प्रथम लक्ष द्यावे. रंग, टायर व सीट पाहण्यापूर्वी फिल्टरच्या पुढची नळी सैल करावी आणि तिच्या आत स्वच्छ पांढरे फडके फिरवावे. टर्बो असलेल्या गाडीत तेलाचा किंचित ओलावा आढळला तर घाबरण्याचे कारण नाही. परंतु फडक्यावर मातीच्या रंगाची बारीक पूड आली, तर त्या इंजिनाने धूळ खाल्ली आहे असे समजावे. मग इंजिन चालू ठेवून तेल भरण्याचे झाकण उघडावे आणि तेथून धूर जोराने फुंकला जातो का ते पाहावे. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या, तर गाडीची किंमत ठरविताना इंजिनाच्या कामाचा पूर्ण खर्च आधीच वजा धरावा.